फ्रॅटर्निटींचं वैर खरं कशावरून? माझ्या मते, घरावरून

रातकिडा

अमेरिकन कॉलेजपटांतली फ्रॅटर्निटींची (ग्रीक अक्षरांची नावं लावून एका घरात राहणाऱ्या मुलांच्या संघटनांची) भांडणं आपण 'माजोरडी श्रीमंत पोरं विरुद्ध साधी पोरं' एवढ्यावर सोडून देतो. मला ते पुरेसं वाटत नाही. अपमान आणि मारामाऱ्या बाजूला ठेवा. कोणाच्या हातून काय गेलं आणि कोणाला काय मिळालं, एवढंच बघा. राहायची जागा, आणि ती जागा देण्या-काढून घेण्याचा अधिकार. मला तरी भांडणाच्या मुळाशी हेच सापडतं.

'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स' (१९८४) घ्या. अ‍ॅडम्स कॉलेजातले अल्फा बीटा, म्हणजे फुटबॉलवाल्यांची फ्रॅटर्निटी, आपल्याच धिंगाण्यात आपलं घर जाळून बसतात. फुटबॉलचा कोच डीनला दमात घेतो आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचं वसतिगृह त्यांना मिळवून देतो. नव्या मुलांची रवानगी जिममध्ये. त्याआधी येता-जाता टिंगल होते, पण वैर सुरू होतं ते इथून. ही मुलं एक पडकं घर घेऊन दुरुस्त करतात, लॅम्डा लॅम्डा लॅम्डा या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय फ्रॅटर्निटीशी नातं जोडतात, छळाची तक्रार सगळ्या फ्रॅटर्निटींच्या ग्रीक कौन्सिलकडे नेतात. तिथे अध्यक्ष कोण? अल्फा बीटाचाच स्टॅन गेबल. आणि शेवटचा निवाडा बघा: अल्फा बीटा जिममध्ये, लॅम्डा त्यांच्या घरात.

'अ‍ॅनिमल हाऊस'मध्येही (१९७८) डेल्टा ही फ्रॅटर्निटी नकोशी झालीय ती डीन वर्मरला. पण तिला हटवायचं काम सोपवलं जातं प्रतिस्पर्धी ओमेगाच्या अध्यक्षाकडे, ग्रेग मार्मलार्डकडे. पुढे डेल्टांची सुनावणी होते तेव्हा खुर्चीवर हाच मार्मलार्ड. फ्रॅटर्निटीच्या मान्यतेची सनद रद्द, घर रिकामं. ओमेगांच्या खांद्यावर बंदूक ठेवून डीन नामानिराळा राहतो. मला ही सगळी वैरं वरून पोसलेली वाटतात.

पिंपळपान

साफ असहमत. मार्मलार्डला घराशी काय देणंघेणं? ओमेगांचं स्वतःचं घर उत्तम आहे. त्याची मैत्रीण मँडी डेल्टाच्या ऑटरबरोबर असल्याचं बॅब्ज नावाची मुलगी त्याच्या कानावर घालते, आणि मग ओमेगा ऑटरला मोटेलवर गाठून बदडतात. त्यात सनदही नाही आणि डीनही नाही. तो निव्वळ मत्सर आहे. खाजगी दुखणं संस्थेच्या नावाखाली काढायला फ्रॅटर्निटीसारखी सोय नाही, हा माझा सिद्धांत. एकट्याने मारलं तर ती मारामारी, गटाने मारलं की लगेच 'आमच्या घराण्याचा मान'.

होस्टेलवाला

'छिछोरे' (२०१९) विसरलात की काय? फ्रॅटर्निटी नाहीत, पण जात तीच. एच-३ आणि एच-४ या दोन्ही होस्टेलांना आपापल्या खोल्या आहेत, कोणी कोणाला बाहेर काढत नाही. तरी होस्टेलांमधल्या खेळांच्या जनरल चॅम्पियनशिपसाठी जीव टाकतात, कारण एच-४ला 'लूजर' हा शिक्का पुसायचा आहे. घराचा सिद्धांत इथे लागू होत नाही.

रातकिडा

@पिंपळपान, मोटेलची मारहाण होते तेव्हा मार्मलार्डला डीनचं पाठबळ आधीच मिळालेलं आहे. डेल्टांना परीक्षेची चुकीची उत्तरं सापडावीत म्हणून ती कचऱ्यात पेरून ठेवणारे ओमेगाच, आणि त्याचा मँडीशी काही संबंध नाही. मत्सर आहे, मान्य. पण आपल्याला कोणी जाब विचारणार नाही ही खात्री मत्सरातून येत नाही.

@होस्टेलवाला, 'छिछोरे'तही एच-३चा रॅगी एच-४च्या अनीला आपल्या होस्टेलमध्ये ओढायला बघतोच. चांगला खेळाडू कुठे राहणार, यावरच तिथलं राजकारण चालतं.

ओहायोकर

इथे अमेरिकेत राहून एक गोष्ट कळली, ती सांगतो. फ्रॅटर्निटीचं घर बऱ्याचदा मुलांचं नसतंच. माजी सदस्यांनी काढलेल्या संस्थेची ती मालमत्ता असते, नाहीतर जमीन विद्यापीठाची असते. पोरं फक्त राहणारी. 'अ‍ॅनिमल हाऊस'च्या तीन लेखकांपैकी एकजण डार्टमथ कॉलेजच्या अल्फा डेल्टा या फ्रॅटर्निटीचा सदस्य होता, तिथल्या आठवणी त्या कथेत उतरल्या आहेत. नव्या सदस्यांना डागण्या दिल्याच्या प्रकरणावरून त्या अल्फा डेल्टाची मान्यता डार्टमथने २०१५ साली काढली. मग मुलांना त्या घरात राहता येईल का, हा वाद डार्टमथ जिथे आहे त्या हॅनोव्हर गावाच्या जागावापराच्या नियमांपर्यंत गेला. त्यामुळे धागाकर्त्याचं मला बरंचसं पटतं. फक्त खरे खेळाडू तुम्ही म्हणता ते डीन नाहीत, पडद्यावर न दिसणारे माजी सदस्य आहेत.

वाऱ्यावरची

तुम्ही सगळे सातबारा काढून बसलात आणि सुरुवातीचा प्रसंगच विसरलात. 'अ‍ॅनिमल हाऊस'मध्ये लॅरी आणि केंट ही दोन नवी मुलं ओमेगाच्या मेजवानीला जातात. त्यांना नीट बोलूनचालून एका कोपऱ्यात नेऊन बसवतात. तिथे आधीच कोण बसलेत? मोहम्मद, फेटेवाला जगदीश, एक अंध मुलगा, एक व्हीलचेअरवरचा. कोणी त्यांना 'चालते व्हा' म्हणत नाही. हसतमुखाने पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात आणून सोडतात. आपल्यातला प्रत्येक जण त्या घरात गेला असता तर त्याची जागा जगदीशच्या शेजारी होती, हे लक्षात घ्या. मला तो प्रसंग विनोदी वाटूच शकत नाही.

ओमेगांना डेल्टांचं घर नकोय. आपण कोणाला कोपऱ्यात बसवतो, यावरच त्यांची ओळख उभी आहे. कोपऱ्यातल्यांना आत घेणारं दुसरं घर रस्त्यापलीकडे असलं की त्या कोपऱ्याची दहशत संपते. डेल्टा उद्दाम आहेत, बायकांशी त्यांचं वागणं लाजिरवाणं आहे, आणि त्या कोपऱ्यातल्या चौघांनाही ते शोधत येत नाहीत. पण केंटला ते घेतात. तेवढंही ओमेगांना खुपतं.

आणि काळ १९६२चा आहे. डेल्टांना कॉलेजातून काढल्यावर डीन काय करतो? मुलं आता सक्तीच्या सैन्यभरतीला पात्र आहेत, हे भरती मंडळांना कळवल्याचं त्यांना तोंडावर सांगतो. १९७८च्या प्रेक्षकाला व्हिएतनाम ठाऊक होतं, त्यामुळे याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायला नको होता. वादात जीव पणाला लागलाय आणि तुम्ही खोल्या मोजताय.

पिंपळपान

+१. भरतीचा मुद्दा जबरदस्त.

ओहायोकर

राक्षसांच्या विद्यापीठावरचा 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' (२०१३) कुठे बसवाल? तिथल्या रोर ओमेगा रोर या फ्रॅटर्निटीकडे वाडा आहे. टाकाऊ ठरलेले ऊझ्मा काप्पा एका सदस्याच्या आईच्या घरात राहतात. त्यांच्याकडे घेण्यासारखं काहीच नाही, तरी पार्टीला बोलावून रंग आणि चकचकीत भुकटी ओतून त्यांची शोभा केली जाते.

वाऱ्यावरची

तिथे कारण ऊझ्मा काप्पात आलेला सली. त्याला रोर ओमेगा रोरने घेतलं ते आडनाव बघून, नावाजलेल्या घराण्यातला सलिव्हन म्हणून. घाबरवण्याची विद्या शिकवणाऱ्या भीतिशास्त्राच्या वर्गात तो मागे पडताच हाकलला. आता हाच सली टाकाऊंच्या गटातून जिंकला, तर रोर ओमेगा रोरच्या अध्यक्षाची, जॉनी वर्दिंग्टनची, निवड दोन्ही वेळा चुकीची ठरते, घेतानाही आणि काढतानाही. जॉनीच्या स्वतःच्या नावापुढे 'तिसरा' लागतं, नाव वारशाने आलेलं. घराण्यावरून लायकी ठरते हे एकदा खोटं पडलं, तर त्याच्या स्वतःच्या खुर्चीचं काय?

रातकिडा

@वाऱ्यावरची, जगदीशचा कोपरा मी हलक्यात घेत नाही. पण तो कोपरा आहे कोणाच्या घरात? ओमेगांच्या. घर नसेल तर ते कोणाला कोपऱ्यात बसवणार? ऊझ्मा काप्पाचंही तेच. त्यांना भीतिशास्त्राच्या वर्गात जागा हवी आहे, ती जागा डीन हार्डस्क्रॅबलच्या हातात, आणि ज्या स्पर्धेत हे एकमेकांच्या उरावर बसतात ती स्पर्धाही तिनेच सुरू केलेली. जॉनीचा अहंकार खरा आहे, पण त्याला आखाडा दुसऱ्याने आखून दिलाय.

वाऱ्यावरची

मग डीन बदलून बघा. वर्मरच्या जागी सज्जन माणूस बसवा, सनदा सगळ्यांना द्या, प्रत्येकाला ऐसपैस घर द्या. लॅरी आणि केंट त्या संध्याकाळी ओमेगाच्या दारात गेले, तर त्यांना कुठे बसवतील? माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमचं सांगा.