जुन्या मासिकांच्या फोटोंतले ठिपके घालवायचे आहेत, पण अनुस्वार जाऊ द्यायचे नाहीत : मदत हवी आहे

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात १९३० ते १९५० च्या दरम्यानच्या मराठी मासिकांचे बांधीव अंक आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की स्कॅनरच्या काचेवर अंक पालथा दाबला की शिवण सुटते. म्हणून स्टँडला कॅमेरा लावून वरून पानांचे फोटो काढायचं काम आम्ही काहीजणींनी हाती घेतलंय. दिवे मंद आहेत, फ्लॅश वापरायचा नाही, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० आणि शटर बराच वेळ उघडं. कॅमेराही जुना आहे. समोरासमोरची दोन पानं एकाच फोटोत घेतो.

फोटो मोठा करून पाहिला की पानभर एकेकटे ठिपके दिसतात. काही पांढरे, काही काळपट, काही चक्क लाल-निळे. अंधारातल्या फोटोत सगळीकडे जी बारीक खरखर असते ती ही नव्हे. इथे बहुतेक पिक्सेल अगदी ठीक असतात आणि मधलाच एखादा पार भलताच असतो. वाचून कळलं की याला इम्पल्स नॉइज म्हणतात. बिघडलेल्या पिक्सेलची किंमत फक्त ० (पूर्ण काळा) किंवा २५५ (पूर्ण पांढरा) असेल तर तो सॉल्ट अँड पेपर प्रकार. कुठलीही असू शकत असेल तर रँडम-व्हॅल्यूड, आणि तो पकडायला जास्त अवघड.

पायथन आणि त्यातली ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी वापरून काय काय केलं ते सांगते.

सरासरीचा फिल्टर कामाचा नाही. आजूबाजूचे आठ पिक्सेल १०० चे आणि मधला २५५ चा असेल तर सरासरी ११७ येते. ठिपका जात नाही, त्याचा फिकट डाग होतो. मग ३×३ चा मीडियन लावला, म्हणजे प्रत्येक पिक्सेल आणि त्याच्या भोवतालचे आठ अशी नऊ पिक्सेलची खिडकी. नऊ किंमती चढत्या क्रमाने लावायच्या आणि पाचवी घ्यायची, एवढंच. ठिपके झटक्यात गेले. पण त्यांच्याबरोबर अनुस्वारही गेले!

आमच्या फोटोत अनुस्वार जेमतेम दोन-तीन पिक्सेल रुंद आहे. २×२ चा ठिपका ३×३ च्या खिडकीत फार तर चार जागा व्यापतो. नवात चार म्हणजे अल्पमत, म्हणून तो पूर्ण पुसला जातो. ३×३ चा असेल तर चारही कोपरे झडून अधिकचं चिन्ह उरतं. खिडकी ५×५ केली की २५ पैकी ९, म्हणजे तोही गेला.

हे मला चालणार नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर आहे, ‘घरांत’, ‘पुस्तकें’, ‘नाहीं’ असे अनुस्वार ओळीओळीत आहेत. त्या काळची लेखनपद्धती अभ्यासणाऱ्याला तेच हवे असतात. आणि ‘मुलांचा’चं ‘मुलाचा’ झालं तर अर्थच बदलतो. तसं झालेलं पान दिसायला स्वच्छ असतं, म्हणून चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. गुणवत्ता मोजायला पीएसएनआर (साफ केलेलं चित्र मूळ चित्राच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) वापरतात, पण अनुस्वाराचे पिक्सेल पूर्ण पानाच्या मानाने इतके थोडे की सगळे गेले तरी त्या आकड्याला फारसा धक्का लागत नाही.

मग ॲडॅप्टिव्ह मीडियन करून बघितला. त्यात खिडकीतल्या किमान किंवा कमाल किंमतीचा पिक्सेल असेल तरच तो संशयित. छापील पानावर शाई हीच सगळ्यात काळी, त्यामुळे अक्षरांच्या कडाच संशयित ठरतात आणि बारीक रेघा तुटतात.

तर प्रश्न असा: बिघडलेला पिक्सेल आणि खरा अनुस्वार यांत फरक कसा करायचा? शेकडो पानं आधीच काढून झालीत, ती परत उघडायची म्हणजे कागदाला आणखी त्रास. उपाय शक्यतो आहे त्याच फोटोंवर चालणारा हवा.

प्रतिसाद १

फार मोलाचं काम करताय. आधी एक विचारतो, ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी येतात का? दोन वेगवेगळ्या पानांचे मूळ फोटो एकावर एक ठेवून बघा. कातरलेले किंवा फिरवलेले नकोत, कॅमेऱ्यातून आले तसेच.

धागाकर्ती

आत्ताच बघितलं. बरेचसे, विशेषतः पांढरे आणि रंगीत, अगदी त्याच जागी आहेत! थोडे मात्र वेगळीकडे.

प्रतिसाद १

मग बरंचसं काम सोपं झालं. हे सेन्सरवरचे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरचे, हॉट पिक्सेल आहेत : प्रकाश नसतानाही उजळ दिसणारे. शटर जास्त वेळ उघडं राहिलं आणि सेन्सर तापला की ते वाढतात. रंगीत दिसतात कारण सेन्सरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून ठरवले जातात. एक बिघडला की शेजारच्या पिक्सेललाही रंग लागतो.

पान बदलतं, दोष जागचा हलत नाही. म्हणून प्रत्येक फोटोत प्रत्येक पिक्सेल आपल्या शेजाऱ्यांच्या मीडियनपेक्षा किती वेगळा आहे ते काढा, आणि त्या फरकांचा शंभरेक फोटोंमधला मीडियन घ्या. अनुस्वार दर पानावर त्याच पिक्सेलवर येणार नाही, म्हणून तिथे शून्याच्या आसपास येईल. दोषी जागी आकडा मोठा राहील. हा झाला दोषांचा नकाशा. मग फक्त नकाशातल्याच जागा भरायच्या, तेही शेजारच्या निर्दोष पिक्सेलच्या मीडियनने. बाकी पानाला हात लावायचा नाही. शोधणं आणि भरणं ही दोन कामं वेगळी ठेवा, साध्या मीडियनने तुमचे अनुस्वार नेले ते तो न शोधताच सगळीकडे भरतो म्हणून.

प्रतिसाद २

जागा बदलणारे जे थोडे उरतील त्यांच्यासाठी रोड (ROAD) हे माप वापरा, पिक्सेल शेजाऱ्यांपासून किती तुटक आहे ते सांगणारं. गार्नेट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेलं आहे. पिक्सेलचे आठ शेजाऱ्यांशी असलेले फरक काढायचे, चढते लावायचे आणि सगळ्यात लहान चारांची बेरीज करायची.

तुमच्या पानावर हिशोब करून बघू. कागद २००, शाई २०. एकटा काळा पिक्सेल असेल तर चारही फरक १८० चे, बेरीज ७२०. २×२ चा अनुस्वार घ्या, त्यातल्या प्रत्येक पिक्सेलला आपल्यासारखे तीन शेजारी आहेत, म्हणून बेरीज फक्त १८०. एक पिक्सेल जाडीच्या रेघेचा मधला भाग ३६०, टोक ५४०. मर्यादा ६०० ठेवलीत तर एकटे ठिपके पकडले जातील आणि अनुस्वार, रफार, रेघांची टोकं सगळं वाचेल. शाई फिकट असलेल्या पानांवर मर्यादा त्या प्रमाणात खाली आणा.

ठिपके जोडीने आले तर तेही ५४० वरच येतात, म्हणजे सुटतील. सुटू द्या. जुन्या पानावर चार ठिपके राहिले तर वाचणारा समजून घेतो, गेलेला अनुस्वार मात्र त्याला परत मिळत नाही.

आणि फाइल कुठल्या प्रकारात आहेत? जेपेग असेल तर फाइल लहान करण्यासाठी चित्र दाबताना ८×८ च्या चौकटीत ठिपक्याचा अंश पसरतो आणि टोकाची किंमत मऊ होते.

धागाकर्ती

सुरुवातीच्या जेपेग आहेत, पण नंतरच्या अंकांच्या रॉ (सेन्सरवरून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) फाइल ठेवल्यात. रॉवर नकाशा करून पाहिला. भरल्यानंतर मूळ फोटोशी एक पूर्ण पान ओळीने ताडून बघितलं, सगळे अनुस्वार जागेवर आहेत. किती बरं वाटलं सांगता येत नाही. जेपेगसाठी रोडची मर्यादा कमी करून बघते. रॉवरचा हाच नकाशा पुढच्या महिन्यात काढायच्या फोटोंना चालेल का?

प्रतिसाद १

शटर आणि आयएसओ तेच ठेवलंत तर बराचसा चालेल, पण उन्हाळ्यात ठिपके वाढतील. दर बैठकीच्या शेवटी लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगवर दहा-बारा फोटो काढून ठेवा. पूर्ण काळ्या फोटोत जे उजळ दिसेल ते दोषीच, आणि त्यासाठी एकही पान उघडावं लागत नाही. काळे पडलेले पिक्सेल मात्र त्यात दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचे तसेच फोटो घ्या, जरा फोकस सोडून, म्हणजे कागदाचे तंतू उमटणार नाहीत.