स्लो कुकर: ज्याच्या त्याच्या वेळेला गरम जेवण (अनुभव धागा)

एक जण सातला जेवतो, दुसरा साडेदहाला दार वाजवतो, अशा घरांत स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) काय लावता? प्रमाण, तास आणि काय बिघडतं ते लिहा. नुसतं 'छान होतं' नको.

*

छोले. 2 वाट्या काबुली चणे रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून टाकायचं. नवं पाणी चण्यांच्या वर दोन बोटं, मीठ, चिमूटभर खायचा सोडा. 'लो'वर 8 तास. टोमॅटो किंवा चिंच आधी घातलीत तर आंबटामुळे साल मऊ होतच नाही, संध्याकाळी चणे दाताखाली कचकचतात. कांदा-टोमॅटोचा मसाला तेल सुटेपर्यंत वेगळा परतून शेवटच्या पाऊण तासात घाला. कच्चा कांदा टाकून मोकळं होणाऱ्यांच्या छोल्यांना उकडलेल्या कांद्याचा वास येतो, मग कितीही गरम मसाला ओता.

*

चण्यांचं चालतं, राजम्याचं नाही! राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि 'लो'च्या मंद आचेवर ते नष्ट होईल याची खात्री नसते. अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट. तीन-चार तासांत उलट्या सुरू. निदान 5 तास भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर 10 मिनिटं खळखळून उकळा (30 केलीत तर आणखी निर्धास्त), मगच कुकरमध्ये.

*

मटण, हाडासकट 1 किलो: 'लो'वर 8 तास. पाणी फक्त अर्धी वाटी, कारण वाफ बाहेर जातच नाही. गॅसवरच्या सवयीनं दोन तांबे ओतलेत की रश्श्याचं सूप झालं म्हणून समजा. बटाटे तळाशी, मटण वर. बटाट्याला जास्त वेळ लागतो. दही, नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फाटतं. फ्रीझरमधला गोठलेला गोळा थेट टाकू नका, तो तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंचं फावतं. भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरलं असेल तर कडेला करपतं.

*

झाकण उघडून ढवळायची खोड सोडा. दर वेळी वीसेक मिनिटं वाढतात.

*

उशिरा येणाऱ्यासाठी तुरीचं वरण सगळ्यात सोयीचं. 1 वाटी डाळ, 3 वाट्या पाणी, हळद, हिंग, 'हाय'वर साधारण साडेतीन तास, मग घोटून 'वॉर्म'. 'वॉर्म' म्हणजे शिजवणं नव्हे, शिजलेलं 60 अंशांच्या वर राखणं. चार तासांत वरण आळतं. वाढताना अर्धी वाटी कढत पाणी घालायचं. फोडणी मात्र पातेलंभर एकदम नको. येईल त्याच्या वाटीपुरती कढल्यात ताजी करा, सातच्या फोडणीला साडेदहाला काही वास उरत नाही.

*

टायमर प्लगबद्दल (ठरवल्या वेळी वीज चालू-बंद करणारा): फिरत्या बटणाच्या कुकरलाच चालतो. डिजिटलवाला वीज आल्यावर बहुधा आपोआप सुरू होत नाही, म्हणजे लोडशेडिंगनंतरही तो बंदच. वीज किती वेळ गेली होती ते कळलं नाही तर अर्धकच्चं मटण टाकून द्या, जीव तुटला तरी. आणि अमेरिकेतून 120 व्होल्टचा कुकर आणणाऱ्यांनो, इथल्या 230 ला थेट लावलात की जळतो.

*

भात यात लावू नका. लगदा होतो. पोळ्या-भात नेहमीसारखे.

*

उरलेलं त्याच भांड्यात फ्रिजमध्ये नको. जाड सिरॅमिक निवता निवत नाही. पसरट डब्यात काढा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणायची. स्लो कुकरमध्ये गार अन्न गरम करायचं नाही, आणि फ्रिजमधलं गार भांडं तापल्या कुकरमध्ये ठेवलंत तर तडकतं.