मदत हवी आहे: बाबांच्या बीपीसाठी लसणाच्या गोळ्या

बाबा ६८ वर्षांचे. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसल्यापासून रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन ७५ चालू आहे. सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जातात. तिथल्या कट्ट्यावरच्या मित्राने लसणाच्या कॅप्सूल सुचवल्या आणि परवा डबी घरी आली. डबीवर 'हृदयासाठी उत्तम' एवढं ठळक, बाकी अक्षरं भिंगाशिवाय दिसत नाहीत.

लसणाने बीपी थोडं उतरतं हे मीही वाचलंय. पण त्याने रक्तही थोडं पातळ होतं ना? त्यात अ‍ॅस्पिरिन. परवा दाढी करताना कापलं तर तुरटी फिरवूनही रक्त बराच वेळ थांबेना. पुढच्या आठवड्यात दाढ काढायची आहे, म्हणून जास्त धास्ती.

डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, तोवर डबी मी फडताळात वर लपवली आहे. (आई म्हणते, "फोडणीतला लसूण काय कमी पडतो का?")

कुणाच्या घरी अ‍ॅस्पिरिनसोबत या कॅप्सूल घेतल्या आहेत का? डेंटिस्टने किती दिवस आधी बंद करायला सांगितल्या? आणि मुख्य म्हणजे, बीपीची गोळी सोडून फक्त यावर राहायचं म्हणणाऱ्या बाबांना कसं समजावलंत?