‘ग्रिंगो’ ही शिवी आहे का?

माधवी : मेक्सिकोवरच्या मराठी लेखांत ‘अमेरिकन’ऐवजी सर्रास ‘ग्रिंगो’ लिहितात, ते मला खटकतं. 1846-48च्या युद्धात हिरव्या गणवेशातल्या अमेरिकन सैनिकांना मेक्सिकन लोक ‘ग्रीन, गो’ म्हणत, त्यावरून हा शब्द आला म्हणे. त्या युद्धापायी मेक्सिकोचा जवळपास निम्मा मुलूख गेला. अशा शब्दात तुच्छता असणारच.

विनय : ही गोष्ट टिकत नाही. एक तर त्या सैन्याचा गणवेश निळा होता. दुसरं, एस्तेबान दे तेर्रेरोस यांच्या 1780च्या दशकात छापलेल्या स्पॅनिश कोशात हा शब्द आहेच! ज्यांच्या तोंडी स्पॅनिश सहज येत नाही अशा परदेशी लोकांना स्पेनमधल्या मालागा शहरात ‘ग्रिंगो’ म्हणतात, माद्रिदमध्ये विशेषतः आयरिश लोकांना, अशी नोंद आहे. कोरोमिनास हा व्युत्पत्तिकार त्याचं मूळ ‘ग्रिएगो’ या स्पॅनिश शब्दात शोधतो; त्याचा अर्थ ‘ग्रीक’. न कळणारं बोलणं म्हणजे स्पॅनिश माणसाला ‘ग्रीक’. आपल्याकडेही आयोनियन ग्रीकांचा ‘यवन’ पुढे कुठल्याही परकीयाला लागला. यात द्वेष कुठे आला?

माधवी : गणवेशाचं मान्य. पण ‘यवन’ तर माझ्याच बाजूनं साक्ष देतो. बखरींतला यवन हा नुसता परदेशी नाही, तो शत्रू आहे. आणि बोलण्याच्या ढबीवरून माणसाला वेगळं काढणं तुम्हाला निरुपद्रवी वाटतं?

नीलिमा (साओ पाउलो) : इथे ब्राझीलमध्ये कुठलाही परदेशी ग्रिंगो. मी नागपूरची, सावळी, तरी ऑफिसात सगळ्यांची ‘ग्रिंगा’च. माझ्या पोर्तुगीजमध्ये ‘पांव’ (म्हणजे पाव) म्हणताना नाकातला सूर कमी पडला की हसतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. त्यात मला कधी अपमान वाटला नाही. अर्जेंटिनात तर हा शब्द इटलीहून आलेल्या शेतकऱ्यांना चिकटला. फ्लोरेन्सिओ सांचेस यांच्या ‘ला ग्रिंगा’ (1904) या नाटकातली नायिका अशाच इटालियन शेतकऱ्याची मुलगी आहे.

विनय : तेच म्हणतोय. सरसकट शिवी ठरवून शब्द गाळला, तर हे सगळे अर्थही जातील.

माधवी : नीलिमाताई, तुम्हाला प्रेमानं म्हणतात, छानच आहे. पण हाक मारणारे तुमचे सहकारी आहेत. मराठी लेखक मेक्सिकन नाही आणि अमेरिकनही नाही. पात्राच्या तोंडी ‘ग्रिंगो’ जरूर ठेवावं. स्वतःच्या निवेदनात त्यानं ‘अमेरिकन’च लिहावं, यावर मी ठाम आहे.