सफाई हा उद्योग वाढतोय, की नुसता हिशेब बदललाय?

रात्रपाळी:
सफाई हा वाढता उद्योग आहे, तरी लोक तिला अजून वरकाम समजतात, याचा मला मनापासून राग येतो. इस्पितळाच्या सफाईवर मी ११ वर्षं देखरेख करते. संडासाचा फडका लाल, स्वयंपाकघराचा हिरवा, अदलाबदल चालत नाही. आधी साबणाने मळ काढायचा, मगच ब्लीच, कारण मळावर ते वाया जातं. आणि लगेच पुसायचं नाही, बाटलीवर लिहिलेली मिनिटं जागा ओली राहिली पाहिजे. सी. डिफिसिल या जुलाबाच्या जंतूचे बीजाणू (त्याचं टणक कवचातलं रूप) खाटेच्या कठड्यावर महिनोन्‌महिने तग धरतात, हाताला चोळायच्या अल्कोहोलने मरत नाहीत. तो कठडा नीट पुसला गेला तर पेशंट वेळेवर घरी जातो, खाट रिकामी होते. ही कमाई सफाईच्या खात्यावर कोण मांडतं?

हिशेबी:
कौशल्य मान्य, वाढ अर्धीच मान्य. पूर्वी कारखान्याचा झाडूवाला कारखान्याच्याच पटावर होता. आता माणूस तोच, लादी तीच, मध्ये ठेकेदार आला. तेवढ्यावर आकडेवारीत ‘सेवा क्षेत्र’ फुगतं. डेन्मार्कची आयएसएस ही कंपनी १९०१ मध्ये रात्रीचे पहारेकरी पुरवायची, १९३४ पासून सफाईत उतरली आणि जगभर पसरली. यातली नवी कामं किती, नुसती हस्तांतरित किती?

रात्रपाळी:
नवीही आहेत की! संगणकाची चिप बनवणाऱ्या कारखान्यातल्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या बंद खोलीत, धुळीचा कण गेला तरी माल बाद होतो. असली सफाई शंभर वर्षांपूर्वी होती कुठे?

लादीवाली:
माझी आई ऑफिसं पुसायची. फिनेलने बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, रात्री खोबरेल लावून कापड गुंडाळायची. म्हणून ‘उद्योग वाढला’ म्हटलं की मी आधी पगार विचारते. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये कामं ठेकेदारांकडे गेली आणि सफाई कामगारांचे पगार घसरले. १५ जून १९९० ला संपकऱ्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यानंतर कुठे करार झाला. रात्रपाळीताई, तुमच्या कौशल्याचा भाव कंत्राटात दिसतो का?

रात्रपाळी:
नाही दिसत, हे कबूल करते. मागच्या निविदेत खाटेमागे ४ मिनिटं धरली होती. आमच्या ब्लीचच्या बाटलीवर १० लिहिलेत.

हिशेबी:
मग ती ६ मिनिटं ठेकेदाराने खाल्ली, की इस्पितळाने?

रात्रपाळी:
दोघांनी. निविदा काढणाऱ्याने बाटली वाचलेली नसते, आणि भरणाऱ्याला सगळ्यात कमी दर टाकायचा असतो. या वेळी मिनिटांचा तक्ता मी स्वतः जोडून दिलाय.