देणगीत ऑफिस मिळतंय, घ्यावं की लिनक्स टाकावं?

प्रश्न : पारोळा तालुक्यातली शिक्षिका

नमस्कार. जिल्हा परिषद शाळेत आठवीला शिकवते, संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. एक कंपनी सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) संगणक देतेय, सोबत ऑफिस आणि अँटीव्हायरस, तीन वर्षांच्या लायसन्सवर. शाळा व्यवस्थापन समिती खूश आहे. मला मात्र धास्ती वाटते. मागे दुसऱ्या एकांनी असंच ऑफिस फुकट दिलं होतं. मुदत संपली आणि फाइली नुसत्या वाचता यायला लागल्या. एक मुलगी बोंडअळीवरचा प्रकल्प लिहीत होती. कर्सर लुकलुकतोय, अक्षर काही उमटेना. 'मॅडम, टाइप व्हई नही राह्यनं,' म्हणत ती बटणं दाबत राहिली. नूतनीकरणाला पैसे कुठून आणू? संयुक्त शाळा अनुदानातून वीजबिल आणि दुरुस्ती भागवतानाच नाकी नऊ येतात.

विंडोज सोडून लिनक्स या फुकटच्या प्रणालीवर जावं का? पालक म्हणतात, पुढे एमएस-सीआयटीला विंडोजच लागतं.

उत्तर : धुळ्याचा हार्डवेअरवाला

मॅडम, संगणक डोळे झाकून घेऊ नका, पण घ्या. जुने देत असतील तर आधी मॉडेल विचारा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि किमान ४ जीबी रॅम लागते. मशीनसोबत आलेलं विंडोज सहसा संपत नाही, मुदत असते ती ऑफिसला. मग ऑफिसच्या जागी लिबरऑफिस टाका, तसंच काम करणारं फुकटचं सॉफ्टवेअर. ते विंडोजवरही चालतं, मेनू मराठीत येतात, मुदतीची भानगड नाही. जे मशीन विंडोजला जड जाईल त्यावर लुबुंटू, म्हणजे हलकं लिनक्स, टाकून पाहा.

पालकांना सांगा, मराठी टाइप करायची इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे तीच. बोटं एकदा बसली की पोरगं कुठेही मराठी टाइप करेल. केरळमध्ये आयटी@स्कूल हा शाळांमध्ये संगणक शिकवायचा सरकारी प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळा लिनक्सवर गेल्या. तिथली मुलं काही मागे राहिलेली नाहीत.

उत्तर : धडगावचा गुरुजी

ताई, दादांचं पटतं, पण एक राहिलं. आमच्याकडे लिनक्स ज्या सरांनी बसवलं त्यांची बदली झाली, आणि कक्षाला कुलूप लागलं. कोणाला पासवर्डही ठाऊक नव्हता. म्हणून निदान दोन शिक्षकांना शिकवा, आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

मी तरीही लिनक्ससारख्या मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्याच बाजूचा. आमच्या पाड्यांवर नेट नाही. किविक्स या नेटशिवाय वाचायच्या अ‍ॅपमध्ये मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला, मुलं नेटशिवाय वाचतात. लहानांना जीकॉम्प्रिस हे शैक्षणिक खेळांचं सॉफ्टवेअर लावून देतो. कुणी पेन ड्राइव्हवर घरी नेलं तरी ती चोरी ठरत नाही, परवानाच तसा आहे. गरिबाच्या पोराला आवडलेली गोष्ट भावंडांना द्यायची मोकळीक हवी की नको? मला ही बाब पैशापेक्षा मोठी वाटते.

पारोळा तालुक्यातली शिक्षिका

दोघांचे आभार. कंपनीला लेखी विचारते: मॉडेल कोणतं, आणि ऑफिसऐवजी दोन शिक्षकांचं प्रशिक्षण देता का? दादा, आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या अक्षरांत) नाहीत, जुन्या फाँटमध्ये आहेत, लिबरऑफिसमध्ये अक्षरांचा नुसता गिचमिडा दिसतो. त्याला काय करायचं?

धुळ्याचा हार्डवेअरवाला

ज्या फाँटमध्ये टाइप केल्यात तो त्या मशीनवर टाका, दिसायला लागतील. नवीन मात्र युनिकोडमध्येच करा. एक फाइल पाठवा, कन्व्हर्टरमधून काढून बघतो. जोडाक्षरं तेवढी तुम्हाला तपासावी लागतील.