मदत हवी आहे: आच्छादन घातल्यापासून मिरची पिवळी पडतेय

चिरेखाण (पर्वरी)
तीन आठवड्यांपूर्वी परसात झाडांखालच्या मातीवर आच्छादन (मल्चिंग) घातलं, आता झाडं पिवळी. नर्सरीवाला म्हणतो रोप उत्तम होतं, पाणी कमी पडलं असेल. पाणी मी सकाळ-संध्याकाळ घालतो. नेमकं कसलं आच्छादन घालायचं तेवढंच सांगा. फायदे नकोत, ते पाठ झालेत. मला फक्त रविवारी वेळ असतो, तेव्हा जरा लवकर.

कुळागरी
कसली झाडं? कुंडीत की जमिनीत? आच्छादन कसलं, किती जाड?

चिरेखाण
मिरची, वांगी, चार टोमॅटो. जमिनीत. आच्छादन नेहमीचंच.

कुळागरी
आमच्या सावईवेऱ्यात नेहमीचं म्हणजे पातेरा (गळलेली पानं) नि सोडणं (नारळाची सालं). तुमच्या पर्वरीत काय असतं?

ठिबकदादा
प्लास्टिक पेपर घाला. २५ मायक्रॉन, वरून चंदेरी, खालून काळा. तण नाही, कटकट नाही. मी कलिंगडाला तोच वापरतो.

आजीची_परस
सेंद्रिय विचारलंय त्यांनी. नंतर तो पेपर मातीतून वेचायला कोण येणार, तुम्ही?

ठिबकदादा
शीर्षकात सेंद्रिय कुठे लिहिलंय?

चिरेखाण
सेंद्रियच हवंय. प्लास्टिक नको. आच्छादन लाकडाच्या भुशाचं आहे.

माती_परीक्षक
हां, आता काहीतरी कळलं. पाच प्रश्न:
१) भुसा ताजा की कुजलेला?
२) वरून पसरला की मातीत मिसळला?
३) पिवळी पानं खालची, जुनी, की शेंड्याची?
४) पानं आकसून वर वळलीत का?
५) भुसा कुठून आणला?

चिरेखाण
ताजा. वाऱ्याने उडत होता म्हणून खुरप्याने जरा मातीत ओढला. पानं सगळीच पिवळी. म्हणजे खालची जास्त. वळलेली नाहीत.

माती_परीक्षक
मग जवळजवळ नक्की नत्र कमी पडलंय. भुशात नत्राच्या एका भागाला कर्बाचे चारशेच्या घरात भाग असतात. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीसला एक असं प्रमाण लागतं. कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात, म्हणजे तुमच्या मिरचीच्या ताटातून. झाड मग जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. हाच भुसा नुसता वर राहिला असता तर ओढाताण वरच्या पापुद्र्यापुरती राहिली असती. खुरप्याने घात केला.
पाचव्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

शून्यखर्च
मूळ चूक ही की आच्छादन एकटं घातलं. शून्य खर्चाच्या शेतीचे पाळेकर गुरुजी जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी), बीजामृत (बियाण्याला लावायचं), आच्छादन, वाफसा (मातीत ओल नि हवा दोन्ही) ही चारही एकत्र सांगतात. देशी गाईचं शेण-गोमूत्र आणा, जीवामृत द्या, आठ दिवसांत हिरवंगार.

माती_परीक्षक
पर्वरीच्या कॉलनीत गाय कुठे बांधायची तेही सांगा. सध्या १ टक्का युरिया, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारला तर झाड तग धरेल.

शून्यखर्च
सेंद्रियच्या धाग्यावर युरिया! धन्य आहे.

आजीची_परस
भांडू नका. शेंगदाण्याची पेंड चार दिवस पाण्यात भिजवून, दहापट पाणी घालून मुळाशी द्या. वास येतो, शेजारी बोलतात, पण झाड बोलत नाही.

भाटकार
माडाला सोडणं घालणाऱ्यांसाठी: खड्ड्यात पुरायची तर वाटी वर करून, पाणी धरतात. आळ्यात वरून पसरायची तर पालथी. लोक हमखास उलटं करतात.

चिरेखाण
माड कोणाकडे आहे?

भाटकार
कोणाला तरी उपयोग होईल.

कुळागरी
सोडणांचा ढीग मात्र महिनोन्महिने कुजत ठेवू नका. असल्या कुजक्या ढिगात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात नि भुंगा माडाचा कोंब पोखरतो. आमचे दोन माड गेले तसे.

फुरसं_पाहिलेली
आणि पाल्यात साप? मागच्या दारी पातेरा साठवला होता, हात घालणार तेवढ्यात फुरसं दिसलं. मी तर आता सगळं झाडून लख्ख ठेवते.

आजीची_परस
साठवलेल्या ढिगात काठीशिवाय हात घालूच नये बाय. पसरलेला दोन-तीन इंचाचा थर वेगळा. आणि तो घराच्या भिंतीपासून हातभर लांब, नाहीतर वाळवी दारापर्यंत येते.

चिरेखाण
मी सहा इंच घातला होता. खोडाला अगदी चिकटून, ओल टिकावी म्हणून.

माती_परीक्षक
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! वर दोन वेळा पाणी. आच्छादनाखाली माती मुळात कमी सुकते. बोट दोन पेरं आत घाला, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. खोडाभोवती चार बोटं जागा उघडी ठेवा, नाहीतर बुंधा कुजेल. आणि भुसा कुठला?

चिरेखाण
ओळखीच्या फर्निचरवाल्याकडचा. फुकट दिला.

माती_परीक्षक
प्लायवूड, एमडीएफ कापतो का तो?

चिरेखाण
बहुतेक तेच कापतो.

माती_परीक्षक
मग चर्चा संपली. त्यात चिकट रेझिन असतं, खायच्या भाजीला नको. निघेल तेवढा काढून टाका. कंपोस्टमध्येही नको.

कुळागरी
चिरेखाणबाब, तुमच्या परसात आंबा-फणस काहीच नाही?

चिरेखाण
आंबा आहे. पानं खूप पडतात. दर रविवारी झाडून पेटवतो.

कुळागरी
देवा रे. घरचा पातेरा जाळून फर्निचरवाल्याकडे गेलात! आंब्याचं पान चिवट, कुजायला वेळ घेतं, म्हणून कोयत्याने तोडून घाला. भाजीला दोन इंच पुरे. कुंपणाला उंदीरमारी (गिरिपुष्प) असेल तर कोवळ्या फांद्या छाटून त्याखाली घाला, तिच्या पाल्यात नत्र भरपूर. जांभ्याच्या जमिनीत आमचं कुळागर (माडा-पोफळीची बाग) असंच चाललंय, विकतचं काही आणत नाही.

शून्यखर्च
हेच तर आच्छादन. मी काय वेगळं सांगत होतो?

माती_परीक्षक
तुम्ही गाय सांगत होता.

चिरेखाण
आज अर्धा वाफा साफ केला, कंबर गेली. पेंड भिजत घातलीय. युरिया नको म्हणते बायको. उंदीरमारी कशी ओळखायची?

भाटकार
फेब्रुवारीच्या सुमारास पानं गळतात नि फांद्यांवर फिकट गुलाबी फुलं येतात.

चिरेखाण
आत्ता नोव्हेंबर चाललाय.

फुरसं_पाहिलेली
डिचोलीच्या बाजूला भाताचा पेंढा कुठे मिळेल? पेंढ्यात फुरसं बसत नाही ना?